कंपनी फुटली

आमच्या घरात 'कंपनी फुटली' हे दोन शब्द कुणीतरी वारल्याच्या सुरात उच्चारले जात. याला कारण आमचे आजोबा. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा आजोबा पंधरा वर्षांचे होते. पुढे त्यांचं लग्न झालं, पाच मुलं झाली, दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला, १९६१ साली पानशेतचं धरण फुटून आमच्या जोत्यापर्यंत पाणी आलं. पण आजोबांच्या लेखी या शतकात फुटण्यासारखी एकच गोष्ट फुटली होती, ती म्हणजे किर्लोस्कर कंपनी.

त्यामुळे १९७० सालच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी वाचून मी भरल्या ताटावरून उठलो, तेव्हा घरात मला समजून घेणारा एकच माणूस निघाला. आईला वाटलं, पेपर अवघड गेला. वडील म्हणाले, "केस कापून ये, म्हणजे डोकं हलकं होऊन भूक लागेल." आजोबांनी मात्र अडकित्ता खाली ठेवला.

"काय झालं रे?"

"बीटल्स फुटले, आजोबा."

"कोण?"

इथे मी अडखळलो. बँड म्हणावं, तर आजोबांच्या डोळ्यांपुढे वरातीतला लाल डगलेवाला बँड उभा राहणार. म्हणून म्हटलं, "विलायतेतली एक गाण्याची कंपनी आहे."

"कंपनी फुटली?" आजोबा ताठ बसले. "किती जण होते?"

"चार."

"त्यांत गाणारे किती?"

"चारही."

"चारही?" आजोबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मग इतकी वर्षं टिकली कशी?"

बीटल्सवर आजवर ढीगभर पुस्तकं निघाली. त्यांतली मला परवडली तेवढी मी वाचली. ती सगळी, कंपनी फुटली का, या प्रश्नाला उत्तर शोधत बसतात. टिकली कशी, हा खरा प्रश्न आमच्या आजोबांनी एकही गाणं न ऐकता पहिल्या मिनिटात विचारला होता. वर जाता जाता म्हणाले, "भांडण पैशाचं असणार. आणि सासरवाडीचं कुणी मध्ये आलंय का, तेवढं बघ."

ते पुढे कळलं. कारभार कुणी बघायचा यावरून वाद होता. तिघांना ॲलन क्लाइन नावाचा अमेरिकन कारभारी हवा होता आणि पॉल मॅकार्टनीला हवे होते त्याचे सासरे आणि मेव्हणे! मी ही बातमी आजोबांना दिली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. स्वतःच्या द्रष्टेपणाचं त्यांना कौतुक नव्हतं. कंपन्या अशाच फुटतात, त्यात सांगण्यासारखं काय, असा एकूण आविर्भाव होता.

त्या वेळी माझ्याजवळ बीटल्सची एक-तृतीयांश रेकॉर्ड होती. म्हणजे 'ॲबी रोड' ही तबकडी आम्ही कॉलेजातल्या तिघा मित्रांनी वर्गणी काढून घेतली होती, आणि प्रत्येकाने ती वर्षातून चार महिने सांभाळायची असा लेखी करार होता. करारात सुई कधी बदलायची, तबकडी कडेला धरायची की मध्ये, बहिणीच्या मैत्रिणींना ऐकवायची झाल्यास इतर दोघांना आगाऊ सूचना द्यायची की नाही, अशी अकरा कलमं होती. आमच्या घरी फोनो नव्हता हे कलम त्यात नव्हतं. त्यामुळे माझ्या पाळीच्या चार महिन्यांत रेकॉर्ड माझ्या ट्रंकेत असायची आणि ऐकायची हुक्की आली की ती काखोटीला मारून ज्याच्या घरी रेडिओग्राम होता त्या मित्राकडे, म्हणजे जिथून ती आणली तिथेच, जावं लागे. उरलेला वेळ मी तिचं कव्हर बघत असे. चौघे जण रस्ता ओलांडताहेत, पॉलच्या पायांत वहाणा नाहीत. आजोबांनी एकदा चश्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ओळीत चाललेत खरे. पण एकानंही दुसऱ्याकडे बघितलेलं नाही."

आता या फुटण्याची तारीख कोणती, इथूनच घोळ आहे. जगाला कळलं १० एप्रिल १९७० रोजी. पॉलने आपल्या एकट्याच्या रेकॉर्डबरोबर एक छापील प्रश्नोत्तरी वाटली, आणि तिच्यातून वर्तमानपत्रांनी अर्थ काढला की संपलं. पण जॉन लेननने तर सप्टेंबर १९६९ मध्येच बाकीच्यांना बैठकीत सांगून टाकलं होतं की मी चाललो. व्यवहाराची बोलणी चालली होती म्हणून ते गुपित ठेवलं गेलं. त्याच्याही आधी, जानेवारी १९६९ मध्ये, जॉर्ज हॅरिसन दुपारी उठून चालता झाला होता आणि काही दिवसांनी परतला होता. आणि त्याच्याही आधी, ऑगस्ट १९६८ मध्ये, बिचारा रिंगो दोन आठवडे रुसून गेला होता. तो परत आला तेव्हा त्याचे ड्रम्स फुलांनी सजवून ठेवले होते! म्हणजे सगळ्यांत साधा माणूस सर्वांत आधी गेला आणि सर्वांत शेवटी गेलेल्या पॉलच्या डोक्यावर फोडल्याचं खापर आलं. मी सुतक धरलं तेव्हा मूळ घटनेला जवळजवळ सात महिने होत आले होते. आजीच्या मते इतक्या उशिरा कळलं तर नुसती अंघोळ पुरते. मी तीही त्या दिवशी केली नव्हती.

तबकड्यांचा क्रमही असाच उलटासुलटा. 'लेट इट बी' मे १९७० मध्ये बाजारात आली म्हणून ती शेवटची. पण ती बहुतेक ध्वनिमुद्रित झाली जानेवारी १९६९ मध्ये. 'ॲबी रोड' सप्टेंबर १९६९ मध्ये आली. पण तिचं बहुतेक काम त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. म्हणजे कंपनीचं शेवटचं नाटक कोणतं, हे चाहत्याने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं. रेडिओग्रामवाला मित्र 'लेट इट बी'च्या बाजूचा आणि अर्थातच पॉलचा. मी 'ॲबी रोड'चा आणि जॉनचा. तिसरा जॉर्जचा होता. तो १९७२ साली शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथून एरोग्रामवर त्याने आपल्या एक-तृतीयांश हिश्श्याचं हक्कसोडपत्र पाठवलं. रिंगोचा पक्ष घेणारं कुणी मिळालं नाही, त्याबद्दल मला आज वाईट वाटतं.

'लेट इट बी'बद्दल माझं मत मी त्या वेळी फार मोठ्या आवाजात सांगत असे, आता जरा हळू सांगतो. कल्पना चांगली होती. स्टुडिओतल्या करामती सोडायच्या, चौघांनी समोरासमोर बसून वाजवायचं, आणि ते करताना सिनेमा काढायचा. यातलं एकमेकांसमोर बसणं हेच त्या वेळी सर्वांत कठीण झालं होतं. त्यातून जानेवारीची थंडी, सिनेमाचा स्टुडिओ आणि सकाळची वेळ. आपल्याकडच्या चार उस्तादांना सकाळी स्टुडिओत बोलावून समोर कॅमेरा लावा. मैफल राहू द्या, चहावरूनच कंपनी फुटेल. महिनाभराने त्या फितींचं ओझं यांनी टाकून दिलं, आणि वर्षभराने ते फिल स्पेक्टर नावाच्या निर्मात्याच्या हाती पडलं. त्याने 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या पॉलच्या साध्या गाण्यावर चाळीसेक वाजवणारे आणि बायकांचा कोरस चढवला. पॉलला न विचारता! पॉलने पुढे इतर तिघांविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात दावा लावला, त्यात हीही एक तक्रार होती. लोक हसले. मी हसलो नाही. आमटीत न विचारता गूळ घातला म्हणून चुली वेगळ्या झालेली घरं मी आमच्या पेठेत पाहिली आहेत.

पण टीकाकाराने खरं बोलावं. १९९६ साली त्या गाण्याचा कोरस-बिरस काढलेला अवतार निघाला. मी मोठ्या उत्सुकतेने ऐकला. आणि लक्षात आलं की जॉनने त्या गाण्यात जो बास वाजवला आहे तो, माझा माणूस असूनही सांगतो, दुसरीकडे लक्ष ठेवून वाजवल्यासारखा आहे. चुका आहेत. मित्राच्या गाण्यावर इतकं दुर्लक्ष करून कुणी वाजवत असेल, तर स्पेक्टरने वर घातलेली शाल ही सजावट नव्हे, अब्रू झाकण्याची सोय होती. हे माझ्या मित्राला सांगितलं असतं तर त्याला फार आनंद झाला असता. म्हणून सांगितलं नाही.

त्या तबकडीतला खरा जीव गच्चीवर आहे. ३० जानेवारी १९६९. सॅव्हिल रो इथल्या आपल्या कचेरीच्या गच्चीवर हे चौघे आणि पेटीवाला बिली प्रेस्टन चढले आणि बेचाळीस मिनिटं वाजवत बसले. थंडी इतकी की जॉनच्या अंगात बायकोचा फरचा कोट आणि रिंगोच्या अंगात बायकोचा लाल रेनकोट. आजूबाजूच्या कचेऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले. त्या गडबडीत हे 'वन आफ्टर ९०९' वाजवतात. हे जॉनने पोरवयात रचलेलं आगगाडीचं गाणं, इतकी वर्षं धूळ खात पडलेलं. आणि काय वाजवतात! दाढ्या वाढलेली, कोर्टाच्या दाराशी पोचलेली माणसं तीन मिनिटं सोळा वर्षांची होतात. वाटणीच्या दिवशी माळा उतरवताना लहानपणाचा पतंग सापडावा आणि सगळ्या भावांनी कागदपत्रं टाकून गच्चीवर पळावं, तसं. पण पतंग उडवून झाला की खाली तलाठी बसलेलाच असतो.

'ॲबी रोड'ची गोष्ट वेगळी. ती त्यांनी नीट ठरवून, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून केली आहे. आम्ही ती पहिल्यांदा लावली त्या दिवशी रेडिओग्रामच्या खोलीत मित्राचे आई-वडीलही होते. सुरुवातीलाच 'कम टुगेदर'मध्ये कुणीतरी दबक्या आवाजात शुक् शुक् करतं. मित्राच्या आईला वाटलं, आपल्यालाच गप्प बसवताहेत. त्या पदर सावरून स्वयंपाकघरात निघून गेल्या. वडील बसून राहिले. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं जॉनचं, 'आय वाँट यू'. पावणेआठ मिनिटांचं आहे. त्यातली शेवटची तीन मिनिटं गिटारीची एकच ओळ पुनःपुन्हा फिरत राहते आणि तिच्या पाठीमागे वादळासारखा एक सुंसाट वाढत जातो. आता काहीतरी होणार, आता होणार, असं वाटत असतानाच मधल्या मात्रेवर कात्रीने कापल्यासारखं गाणं बंद! मित्राचे वडील उठले आणि फ्यूज बघायला जिन्याकडे गेले. जॉननेच तिथे फीत कापायला लावली होती. २० ऑगस्ट १९६९ रोजी याच गाण्यावर शेवटचा हात फिरवायला चौघे स्टुडिओत एकत्र आले होते, आणि त्यानंतर चौघे एका स्टुडिओत पुन्हा कधीच जमले नाहीत. म्हणजे जॉनने कंपनी कशी संपवली हे ज्याला बघायचं असेल, त्याने कोर्टाचे कागद चाळू नयेत. पहिली बाजू शेवटपर्यंत ऐकावी आणि फ्यूज तपासून यावं.

दुसरी बाजू पॉलच्या स्वभावाची. तिच्यात बरीच अर्धवट गाणी आहेत. यात जॉनचीही आहेत, पॉलचीही. कुणाचं कडवं झालंय तर ध्रुपद नाही, कुणाची चाल आहे तर गाणं दोन मिनिटांतच दमलंय. ही तुकड्यांची गोधडी अशी शिवली आहे की टाका दिसत नाही. पैशाच्या कटकटीवरचं गाणं सुरुवातीला येतं आणि त्याचीच चाल पुढे 'कॅरी दॅट वेट'मध्ये परत येते, तेव्हा चौघेही एकत्र गातात. रिंगोसुद्धा! एकट्याने जी पुरी होत नव्हती ती गाणी एकमेकांना चिकटवून त्यांनी पुरी केली. फुटायला निघालेल्या माणसांनी हे करावं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. मग 'दि एंड' नावाचंच गाणं. त्यात रिंगो बीटल्सच्या तबकड्यांमधला आपला एकुलता एक ड्रम-सोलो वाजवतो, आणि मग पॉल, जॉर्ज, जॉन पाळीपाळीने गिटार वाजवतात, दोन-दोन आवर्तनं. डोळे मिटून ऐकलं तर कोणता हात कुणाचा ते कळतं. जॉर्जची रेषा सुबक, जॉनचा हात जाडाभरडा. सवाल-जबाब आहे, पण कुणी कुणाला पाडायला बघत नाही.

झालं, भैरवी झाली. माणसं वहाणा शोधायला लागतात. आणि मग चौदा-एक सेकंदांच्या शांततेनंतर धाडकन एक ठोका पडून पॉल तेवीस सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' गाऊन जातो! हे गाणं आधी मधल्या माळेत होतं. पॉलने काढून टाकायला सांगितलं. पण स्टुडिओतल्या एका तरुण मदतनिसाने, बीटल्सची काही फेकायची नाही या नियमाप्रमाणे, तो तुकडा फितीच्या शेवटी जोडून ठेवला आणि ऐकल्यावर यांना ती गंमत आवडली. म्हणून त्याच्या सुरुवातीला शेजारच्या गाण्याचा ठोका चिकटलेला आहे आणि शेवटचा सूर कापला गेला आहे. पहिल्या कव्हरवर त्याचं नावही नव्हतं. निरोप घेऊन निघालेला पाहुणा जिन्यातून परत येऊन "छत्री राहिली" म्हणतो, तसं ते आहे. जगातल्या सर्वांत सुंदर समारोपानंतर हे असं काही ठेवायला मोठं मन लागतं, किंवा खूप हसायची सवय लागते. ती त्यांना शेवटपर्यंत होती.

आता फुटण्याचा फायदा-तोटा. चाहता म्हणून मला तोटाच दिसत असे. पण जॉर्जपक्षाच्या मित्राने अमेरिकेतून आपल्या पत्रांत हे मुद्दे मांडले आणि मला ते खोडता आले नाहीत. जॉर्ज हा घरातला धाकटा. त्याच्या वाट्याला रेकॉर्डमागे बहुधा एक-दोन गाणी. 'ॲबी रोड'वर त्याची 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन' आली, तेव्हा थोरल्यांच्या लक्षात आलं की हे पोरगं मोठं झालंय. नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने एकट्याने तीन तबकड्यांचा संच काढला! त्यातली काही गाणी आधी बीटल्ससमोर ठेवून झाली होती. एकत्र कुटुंबात धाकट्याची अक्कल वाटणीनंतरच कळते.

शिवाय जॉर्ज हाच आमच्या घराशी संबंध असलेला बीटल. १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या पाठीवर त्याच्या एका गाण्याला तबल्याची साथ करणाऱ्याचं नाव छापलंय : अनिल भागवत. हे मी आत्याला दाखवलं तेव्हा तिने तबकडी उलटसुलट करून विचारलं, "कुठले भागवत?" जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज मुंबईला आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. त्यातलंच 'दि इनर लाइट' मार्चमध्ये बीटल्सच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माणूस शिकायला तयार होता. असा माणूस कंपनीत फार दिवस राहत नाही. बोडसही राहिले नाहीत."

या सगळ्या काळात आजोबांनी एक आशा मात्र माझ्या डोक्यात सोडून दिली. १९२१ साली, एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या गंधर्व आणि ललितकलादर्श या कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मिळून 'मानापमान' केलं होतं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. "चांगल्या कामाला बोलावलं की येतात," आजोबा म्हणाले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, जॉर्जने पंडित रविशंकरांच्या सांगण्यावरून न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. चौघे येणार, अशी अफवा होती. जॉर्ज आणि रिंगो, दोघेच आले. "अर्धं मानापमान," आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमचंही पुढे फार झालं नाही. केशवराव त्याच वर्षी गेले." आजोबा स्वतः १९७३ साली गेले. बीटल्सची वाटणीपत्रं रीतसर पुरी झालेली त्यांना बघायला मिळाली नाहीत. जॉनने डिसेंबर १९७४ मध्ये शेवटची सही केली, ती फ्लॉरिडात डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात. मुलाला घेऊन तिथे सहलीला गेला होता. किर्लोस्कर कंपनी निदान नाटकवाल्यांनी नाटकाच्या जागी फोडली. ही मिकी माउसच्या दारात संपली.

तरीही मी आशा सोडली नव्हती. एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाच्या निर्मात्याने चौघांना एकत्र येण्यासाठी जाहीरपणे तीन हजार डॉलर देऊ केले, थट्टेने. त्या वेळी पॉल जॉनच्या न्यूयॉर्कमधल्या घरी गेला होता आणि दोघे मिळून तोच कार्यक्रम बघत होते! स्टुडिओ जवळच होता. जाऊ या का, असं त्यांच्या मनात आलं. पण दमले होते, कंटाळा केला. हे मला पुढे कळलं तेव्हा मी त्या कंटाळ्यावर जितका चिडलो तितका कुठल्याही कोर्टाच्या निकालावर चिडलो नव्हतो. टॅक्सी काय ती करायची होती.

८ डिसेंबर १९८० रोजी जॉनला त्याच्या घराच्या दाराशी एका माणसाने गोळ्या घातल्या. बातमी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कळली. मी कचेरीत होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता ते एकत्र येणार नाहीत. त्याची बायको आणि पाच वर्षांचं पोर मला आठवलं ते बऱ्याच वेळाने, लोकल गाडीत. दहा वर्षं ज्याचा पक्ष घेऊन मी भांडत आलो तो माणूस मला चार कोनांपैकी एक कोन म्हणूनच हवा होता, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ठाण्याला गेलेल्या रेडिओग्रामवाल्या मित्राचा फोन येईल असं दोन दिवस वाटत होतं. फोन शेजाऱ्यांकडे होता. आला नाही. मीही केला नाही. आमचं तेव्हा बिनसलं होतं, आणि रेकॉर्ड त्याच्याकडे होती.

मग मी मनाची समजूत काढायला शिकलो. ती अशी की, फुटले ते बरंच झालं. न फुटलेली कंपनी बघायची तर रोलिंग स्टोन्स २०२४ सालीही दौऱ्यावर होते. ऐंशी वर्षांची माणसं पंचविशीतली भांडणं गातात, आणि लोक त्यांच्या गुडघ्यांचं कौतुक करतात. आजोबा बालगंधर्वांचे प्राणांतिक भक्त; पण वय झाल्यावर, कर्जात बुडाल्यावर गंधर्व शालू नेसून उभे राहत, तेव्हा आजोबा थिएटरात डोळे मिटून बसत. "नुसतं ऐकायचं," म्हणत. बीटल्सनी मला डोळे मिटायला लावले नाहीत. पहिल्या लांब तबकडीपासून शेवटचीपर्यंत सात वर्षं आणि एवढं काम. आणि शिवाय ते एकमेकांना विटले होते, तोंड बघत नव्हते, मग राहून काय करणार होते? या समजुतीवर माझी चाळीस वर्षं बरी गेली.

२०२१ साली तीही गेली. जानेवारी १९६९च्या त्या साठ तासांच्या फिल्ममधून पीटर जॅक्सनने जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' हा चित्रपट काढला. मुलाने तो टीव्हीवर लावून दिला. विटलेली माणसं बघायच्या तयारीने मी बसलो. तर हे हसताहेत! चहा-टोस्ट खाताहेत. एकमेकांच्या जुन्या गाण्यांची टिंगल करताहेत. पॉल नुसता गिटार खाजवत बसलाय, समोर जॉर्ज जांभई देतोय, आणि त्या खाजवण्यातून दोन मिनिटांत 'गेट बॅक'ची चाल वर येते. जिच्यावर आम्ही सगळ्यांनी पन्नास वर्षं खापर फोडलं ती योको कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचतेय. पॉल त्याच वेळी थट्टेने म्हणतो आहे, की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले. मी खुर्चीत अवघडलो. जॉर्ज निघून गेल्यावर जॉन आणि पॉल उपाहारगृहात बोलत बसतात. तिथे फुलझाडाच्या कुंडीत मायक्रोफोन लपवलेला आहे (सिनेमावाल्यांची ही चोरी मला पटत नाही, पण मी कान देऊन ऐकलं). जॉर्जची जखम चिघळत होती आणि आपण साधी पट्टीसुद्धा बांधली नाही, अशा अर्थाचं जॉन बोलतो. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. एकमेकांवर जीवही होता. आणि तरी फुटले. भांडून फुटले हे मला पचलं होतं. हे कुठे ठेवायचं ते अजून कळत नाही. आजोबा असते तर त्यांनी नुसती सुपारी कातरली असती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' आलं. जॉनने घरी पियानोवर म्हटलेल्या गाण्याची जुनी कॅसेट, तिच्यातला त्याचा आवाज यंत्राने पियानोपासून सोडवून काढलेला. २००१ साली गेलेल्या जॉर्जची १९९५ची गिटार. आणि ऐंशीच्या घरातले पॉल आणि रिंगो. गाणं थोर नाही. जॉनच्या मूळ चालीतला एक तुकडा यात गाळला आहे, आणि मला तोच हवा होता. व्हायोलिनं जरा जास्त आहेत. स्पेक्टरवर चिडलेल्या माणसाने ती घालावीत याची गंमत वाटली. पण जॉनचा आवाज नितळ आहे, आणि ध्रुपदात पॉल त्याच्याखाली आपला म्हातारा आवाज लावतो, कापरा, जरा मागे राहून. गच्चीवर तो मागे राहत नसे. मी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावलं नाही.

त्या रात्री साडेनवाला फोन वाजला. आवाज मी ओळखला. जरा खरखरीत झाला होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"बरं आहे."

"व्हायोलिनं जास्त आहेत," तो म्हणाला. पॉलपक्षाचा माणूस हे म्हणाला! मी त्याला १९७० सालच्या त्या बासबद्दल सांगून टाकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते मला तेव्हाच कळलं होतं. तू दुखावशील म्हणून बोललो नाही."

पुन्हा थोडी शांतता.

"रेकॉर्ड माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "तुझी पाळी कधीची होती?"

"मे ते ऑगस्ट. १९७४."

"मग ये आणि घेऊन जा. चार महिन्यांनी परत आणून दे, करार आहे."

येत्या रविवारी ठाण्याला जायचं ठरलंय. पिशवी काढून ठेवली आहे. आमच्या घरी फोनो तेव्हाही नव्हता, आताही नाही.